मेमरी वाढवली आणि विंडोज म्हणालं, मेमरी कमी आहे

(हे एपिसोडचं शब्दांकन आहे. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

आजची गोष्ट एका आकड्याची आहे. २५३९१२. दोन, पाच, तीन, नऊ, एक, दोन. लिहून घ्यायची गरज नाही, एपिसोड संपेपर्यंत पाठ होईल.

माझ्या मामाचा सांगली जिल्ह्यात एक छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, बारशाची कार्डं, गणपतीच्या वर्गणीची पुस्तकं, असलं सगळं. नवा कॉम्प्युटर आहेच तिथे. पण कोपऱ्यात जुनी ओढणी टाकून झाकलेलं अजून एक मशीन आहे. त्यावर विंडोज ९८. मामी दर दिवाळीला म्हणते, भंगारवाल्याला देऊन टाका. मामा देत नाही.

कारण असं, की २००३ साली गावातल्या वाचनालयाने एक स्मरणिका काढली होती. जुन्या शिक्षकांच्या आठवणी, गावातल्या वाड्यांची माहिती, पहिल्या मुलींच्या वर्गाची हकिकत. ती सगळी मामाने त्याच मशीनवर जुळवली होती. आता वाचनालयाला ती पुन्हा छापायची आहे. छापील प्रती उरल्यात दोन, त्यातल्या एकीचा अर्धा भाग वाळवीच्या पोटात. ज्यांनी लेख लिहिले त्यातले बरेच जण आता हयात नाहीत. म्हणजे पुन्हा लिहून घेऊ म्हटलं तरी कोणाकडून घेणार?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, हार्डडिस्क काढ, फाइल कॉपी कर. केली की. आम्ही सगळ्यात आधी तेच केलं, आख्ख्या डिस्कची एक प्रत काढून ठेवली. पण नव्या मशीनवर फाइल उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि उलटीसुलटी चिन्हं. विंडोज ९८ मध्ये देवनागरीची मूळ सोयच नव्हती. ती आली विंडोज २००० पासून. (त्यात आलेला ‘मंगल’ फॉन्ट आपल्या र. कृ. जोशींनी केलेला, हे जाता जाता सांगतो.) त्याआधी मराठीची सॉफ्टवेअरं बनवणाऱ्या कंपन्यांनी एक युक्ती काढली होती. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवायचं. आणि कुठल्या जागी कुठलं चित्र, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. त्यामुळे ती फाइल नीट दिसायला तेच सॉफ्टवेअर हवं, ते सॉफ्टवेअर चालायला पाठीमागच्या प्रिंटरच्या पोर्टात त्याचा लॉक हवा, आणि हे सगळं चालायला ते मशीन सुरू हवं.

मशीन सुरू होत होतं, पण रडत रडत. म्हणून मामाने एका ओळखीच्या हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्याने चांगल्या मनाने २५६ एमबीच्या जोडीला ५१२ ची रॅमची पट्टी टाकून दिली. एकूण ७६८. आणि दुसऱ्या दिवसापासून विंडोज सांगायला लागलं की मेमरी अपुरी आहे, काही प्रोग्रॅम बंद करा. एकही प्रोग्रॅम चालू नसताना! डॉसची खिडकीसुद्धा उघडेना. मामाचा फोन आला. म्हणाला, "अरे, मेमरी तिप्पट केली आणि हा म्हणतोय कमी पडतेय. तू ते इंटरनेटवर बघ जरा."

बघितलं. आणि तिथून हा एपिसोड सुरू झाला.

आज फोनवर विंडोज ९८ मेमरी एरर असं टाका. पहिले काही निकाल नव्या विंडोजचे. नंतर ‘तुमचा पीसी एका क्लिकमध्ये दुरुस्त करा’ वाले, त्यांच्या नादी अजिबात लागू नका. बरंच खाली गेल्यावर एक जुनी चर्चा मिळाली. कोणीतरी नेमका हाच प्रश्न विचारला होता. खाली कोणीतरी एका ओळीचं उत्तर दिलं होतं: मायक्रोसॉफ्टचा लेख क्यू २५३९१२ बघा. आणि पुढे लिंक. लिंक दाबली. मायक्रोसॉफ्टचं मदतीचं मुख्य पान उघडलं, अगदी छान, नवीन विंडोजचे फोटो वगैरे. लेख नाही.

एक्सकेसीडी नावाची इंटरनेटवरची कार्टूनमालिका आहे, रँडल मन्रोची. २०११ मध्ये त्याने यावर एक कार्टून काढलं होतं. गूगलवर शोधून शोधून तुम्हाला एकच माणूस सापडतो ज्याला तुमचाच प्रॉब्लेम आला होता, २००३ साली, आणि त्याला कोणीच उत्तर दिलेलं नसतं. माझी अवस्था त्याहून चमत्कारिक होती. उत्तर दिलेलं होतं, उत्तराचा पत्ताही होता, पण त्या पत्त्यावर घरच नव्हतं.

तर हे क्यू प्रकरण काय होतं? मायक्रोसॉफ्टच्या मदतकेंद्रात फोन यायचे. तोच प्रश्न दहादा आला की तिथले इंजिनिअर त्याचं उत्तर लिहून ठेवायचे. लक्षण काय, कारण काय, उपाय काय, अशा ठरावीक साच्यात. प्रत्येक उत्तराला एक नंबर, आणि नंबरामागे क्यू. या साठ्याला नाव होतं नॉलेज बेस. वेब घराघरात पोचायच्या आधी तो कॉम्प्युसर्व्हसारख्या डायल-अप सेवेवर मिळायचा, आणि टेकनेट नावाच्या सीडींवर, ज्या वर्गणी भरली की कंपन्यांना पोस्टाने यायच्या. पुढे तो वेबवर आला, फुकट.

या लेखांचं गद्य वाचण्यासारखं आहे, खरंच. कंपनी त्यात शांतपणे आपल्या चुका कबूल करते. माझा आवडता लेख आहे क्यू २१६६४१. त्यात म्हटलंय की विंडोज ९५ किंवा ९८ सलग ४९.७ दिवस चालू राहिलं तर ते अडकून पडू शकतं. कारण आतला एक मोजणारा आकडा मिलिसेकंद मोजत राहतो, आणि ३२ बिटांचा तो आकडा तेवढ्या दिवसांत भरून पुन्हा शून्यावर येतो. ही चूक कोणाच्या लक्षात यायला काही वर्षं गेली. विंडोज ९५ सलग ४९ दिवस न अडकता चालू ठेवणारा माणूस आधी सापडायला नको का?

आता हे झालं कंपनीचं ज्ञान. त्याला समांतर एक दुसरी नदी वाहत होती, जास्त जुनी. १९७९-८० मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूझनेटची कल्पना काढली. आजच्या भाषेत, विषयवार ग्रुप. पण एक मोठा फरक. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मालक कोणीतरी असतो, यूझनेटचा नव्हता. तुम्ही एका विद्यापीठाच्या सर्व्हरवर प्रश्न टाकला की तो सर्व्हर आपल्या शेजारच्या सर्व्हरला त्याची प्रत द्यायचा, तो पुढच्याला. आपल्याकडे वाड्यातल्या एका घरचं आमंत्रण तोंडी सगळ्या आळीला पोचायचं ना, तसं. शेवटी जगभर शेकडो ठिकाणी त्याच प्रश्नाच्या आणि त्याच उत्तराच्या प्रती पडलेल्या असायच्या.

एफएक्यू म्हणजे नेहमीच्या प्रश्नांची यादी, ही सवय आपल्याला तिथूनच लागली. नवीन माणूस यायचा, जुनाच प्रश्न विचारायचा, जुने लोक वैतागायचे, मग कोणीतरी यादी करायचं आणि ती दर महिन्याला टाकायचं.

तिथे मदतीतून आख्ख्या ऑपरेटिंग सिस्टिम जन्माला आल्यात. २५ ऑगस्ट १९९१ ला लिनस टोरवाल्ड्सने आपण एक छोटी सिस्टिम बनवतोय हे जाहीर केलं, ते मिनिक्स नावाच्या दुसऱ्याच सिस्टिमच्या ग्रुपवर. ती पुढे लिनक्स झाली. आणि १९९४ मध्ये मायक्रोसॉफ्ट डॉस गुंडाळणार हे दिसल्यावर जिम हॉल नावाच्या विद्यार्थ्याने २९ जूनला डॉसच्याच एका ग्रुपवर लिहिलं की आपण आपलं डॉस बनवू. त्याचं फ्रीडॉस झालं आणि ते आजही चालू आहे. कंपनीने सोडलेली सिस्टिम वापरणाऱ्यांनी दत्तक घ्यायची, हा प्रकार काही आजचा नाही.

आपल्याकडे तेव्हा काय होतं? सामान्य माणसासाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून, टेलिफोनच्या तारेवरून, कासवाच्या गतीने. त्यामुळे सांगली-मिरजेच्या माणसाला नॉलेज बेस आणि यूझनेट ही दोन्ही लांबचीच प्रकरणं. आपली ऑनलाइन मदत ऑफलाइन होती. लॅमिंग्टन रोडवरून पार्ट आणून मशीन जुळवून देणारा माणूस, कॉम्प्युटर क्लासचे सर, आणि मासिकांबरोबर येणाऱ्या सीडी. पीसी क्वेस्ट, चिप, नंतर डिजिट. त्या सीडीवर ड्रायव्हर असायचे, पॅच असायचे, अख्खं लिनक्स असायचं. मामाकडे एका बिस्किटांच्या डब्यात त्या अजून आहेत. २००१ नंतर एमएस-सीआयटी आलं आणि गावोगावी मुलं विंडोज शिकली, पण तो कोर्स वापरायचं कसं ते शिकवायचा. बिघडलं तर काय, ते शेजारच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याच्या डोक्यात. त्याने ते कुठे लिहून ठेवलं नाही. म्हणून आपल्याकडच्या त्या काळातल्या मदतीचा इतिहास लिहायला गेलं तर कागदच सापडत नाहीत. मला हे सगळ्यात जास्त लागलं या शोधात.

बरं, परत यूझनेटकडे. मूळ योजनेत हे संदेश साठवायचेच नव्हते. काही दिवसांनी पुसले जायचे, जागा कुठे होती? पण कॅनडात टोरोंटो विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात हेन्री स्पेन्सर नावाचे एक गृहस्थ कॉम्प्युटर सांभाळायचे. प्राणिशास्त्र, लक्षात घ्या! त्यांनी १९८१ पासून यूझनेटची प्रत चुंबकीय टेपवर उतरवून ठेवायला सुरुवात केली आणि दहा वर्षं चालू ठेवली. १४१ टेप, सुमारे २० लाख संदेश. पुढे त्या टेप वाचून काढून त्यातला मजकूर बाहेर आणणं हाही काही जणांचा चिकाटीचा उद्योग होता.

१९९५ मध्ये डेजा न्यूज नावाची कंपनी आली, तिने यूझनेट शोधता येईल असं केलं. फेब्रुवारी २००१ मध्ये गूगलने तिचा साठा विकत घेतला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात स्पेन्सरच्या टेपांसकट वीस वर्षांचे सुमारे ७० कोटी संदेश खुले केले. आपल्या प्रश्नांसाठी हा सुवर्णकाळ. तुम्ही एरर मेसेज जसाच्या तसा टाकायचा आणि १९९७ साली फिनलंडमधल्या कोणाला तरी तोच आलेला सापडायचा.

आणि मग ओहोटी. ही ओहोटी तारखांनी येते. विंडोज ९५ ची मदत संपली ३१ डिसेंबर २००१ ला. विंडोज ९८ आणि एमई ची ११ जुलै २००६ ला. एक्सपी ची ८ एप्रिल २०१४ ला. विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला. आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला, म्हणजे तुमच्यातल्या कित्येकांच्या कॉलेजच्या लॅबमधली.

मदत संपली याचा अर्थ आपण एवढाच घेतो की आता अपडेट येणार नाहीत. ते ठीक आहे, कंपनीने आयुष्यभर जुनं सांभाळावं असं माझंही म्हणणं नाही. पण आधी लिहून ठेवलेली उत्तरंही हळूहळू जातात, हे कोणी सांगत नाही. २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने स्वतःचे न्यूजग्रुप बंद केले. ३ ऑगस्ट २०२० ला त्यांच्या डाउनलोडच्या पानावरून जुन्या पद्धतीने सही केलेल्या फाइली काढून टाकल्या. कारण सुरक्षेचं, आणि कारण खरंही होतं, पण त्यात जुन्या सिस्टिमचे कितीतरी तुकडे गेले. नॉलेज बेसची पानं नव्या साइटवर हलवताना जुन्या विंडोजचे लेख मागेच राहिले. एका दिवसात जाळलं वगैरे नाही. घर बदलताना माळ्यावरचं सामान राहून जातं, तसं.

इथे एक गोष्ट मला उलटी वाटते. न्यूजग्रुप बंद झाले तरी त्यातले संदेश बऱ्याच अंशी वाचले, कारण यूझनेटच्या स्वभावामुळे त्यांच्या प्रती आधीच जगभर पसरल्या होत्या. आणि जे अधिकृत, तपासलेलं, कंपनीच्या इंजिनिअरने लिहिलेलं ज्ञान होतं, ते जास्त धोक्यात आलं. कारण त्याची एकच प्रत, एकाच्याच ताब्यात. चांगलं कोणतं यापेक्षा वाटलं गेलं कोणतं, यावर काय उरणार ते ठरलं.

मग माझं २५३९१२ कुठे मिळालं? इंटरनेट आर्काइव्हमध्ये. ब्रूस्टर काह्ल यांनी १९९६ मध्ये सुरू केलेली ही संस्था वेबपानांच्या प्रती काढून ठेवते, आणि २००१ पासून वेबॅक मशीन नावाने त्या आपल्याला बघता येतात. मी मायक्रोसॉफ्टच्या मदतीच्या पत्त्यापुढे तो नंबर लावून तिथे टाकला. २००० च्या दशकातलं ते पान समोर उभं. पांढरं, रुक्ष, एकही चित्र नाही. लक्षण, कारण, उपाय.

इथे त्या अनोळखी माणसाचे आभार मानायला हवेत ज्याने जुन्या चर्चेत नुसती लिंक दिली नाही, सोबत नंबरही लिहिला. लिंका मरतात. प्यू रिसर्च सेंटरने २०२४ मध्ये सांगितलं होतं की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. पण नंबर असला की माग काढता येतो. बीटाआर्काइव्ह नावाच्या हौशी मंडळींनी तर नॉलेज बेसचे जुने लेख गोळा करून स्वतःकडे मांडून ठेवलेत. तिथेही नंबरनेच सापडतात.

आणि कारण काय निघालं माहितीय? विंडोज ९८ रॅमचा एक भाग डिस्कवरच्या फाइलींची तात्पुरती प्रत ठेवायला वापरतं. त्या व्यवस्थेचं नाव व्हीकॅश. रॅम जितकी जास्त तितका ती आपला वाटा वाढवते. पण हा वाटा नोंदवायला विंडोजकडे आतल्या पत्त्यांचं एक ठरावीक रजिस्टर असतं, त्याची पानं वाढत नाहीत. ५१२ एमबीच्या वर गेलं की व्हीकॅश ती पानं जवळजवळ सगळी खाऊन टाकू शकते. म्हणजे जमीन पडून आहे, पण सातबाऱ्याला कागद उरला नाही, म्हणून तलाठी म्हणतो जमीनच नाही. उपाय दोन ओळींचा: सिस्टिम डॉट आयएनआय या फाइलीत व्हीकॅशच्या मथळ्याखाली मॅक्सफाइलकॅश म्हणून कमाल मर्यादा लिहायची, ५,२४,२८८ किलोबाइट किंवा त्याहून कमी. नशिबाने नोटपॅड उघडत होतं. लिहिलं, मशीन बंद करून चालू केलं. मेसेज गेला. दोन ओळी!

पण गोष्ट इथे संपली नाही, कारण पेनड्राइव्ह. प्रुफं दुरुस्त करायची म्हणजे रोज काहीतरी न्यायचं-आणायचं. दरवेळी ती म्हातारी हार्डडिस्क काढायला मामा तयार नव्हता, आणि बरोबर होतं त्याचं, पिना वाकल्या की संपलं. विंडोज ९८ ला मात्र पेनड्राइव्ह ओळखता येत नाही. त्या काळात पेनड्राइव्हबरोबर छोटी सीडी यायची, त्यात ९८ साठी ड्रायव्हर असायचा. आता कोण देणार? या प्रश्नाचं सरसकट उत्तर मायक्रोसॉफ्टकडे कधीच नव्हतं. ते केलं एका टोपणनावाच्या हौशी माणसाने. सगळ्या पेनड्राइव्हना चालेल असा एकच संच, विंडोज ९८ सेकंड एडिशनसाठी, कंपनीने पाठ फिरवल्यावर. तो दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उतरवला, दोन्ही प्रती सारख्या आहेत का ते तपासलं, व्हायरस तपासला, आणि मगच वापरला. जुन्या सिस्टिमचं काही उतरवताना एवढं कराच. शोधणारा माणूस अगतिक असतो, आणि अगतिक माणसाला फसवणं सोपं.

तो संच जुन्या मशीनवर न्यायचा कसा? सीडी जाळून. कारण ते मशीन इंटरनेटला जोडलं तरी आजची बहुतेक पानं त्याला उघडता येत नाहीत. मोठ्या ब्राउझरांनी २०२० मध्ये कुलूपबंद संपर्काच्या जुन्या पद्धती बंद केल्या, नवी कुलपं जुन्या ब्राउझरला समजत नाहीत. म्हणजे बघा, विंडोज ९८ बद्दलचं पान विंडोज ९८ वरून वाचता येत नाही. आणि वाचता आलं असतं तरी मी ते जोडलं नसतं. वीस वर्षं कुठलाही सुरक्षा पॅच न मिळालेलं मशीन आहे ते. फोनवर वाचा, कागदावर उतरवा, सीडीने न्या.

अजून एक उदाहरण सांगतो, कारण विंडोजचं नशीब त्यातल्या त्यात बरं आहे, वापरणारे कोट्यवधी होते. आयबीएमचं ओएस टू घ्या. १९८७ मध्ये आलं, सुरुवातीला मायक्रोसॉफ्टच्या भागीदारीत. एटीएम मशीनमध्ये वर्षानुवर्षं चाललं, न्यूयॉर्कच्या मेट्रोकार्डच्या व्यवस्थेतही. आयबीएमने मदत थांबवली २००६ च्या शेवटी. पण त्याच्या फाइलींचा सगळ्यात मोठा साठा आयबीएमकडे नव्हताच. तो होता न्यू मेक्सिको स्टेट युनिव्हर्सिटीच्या सर्व्हरवर, नाव हॉब्स. ड्रायव्हर, दुरुस्त्या, छोटे प्रोग्रॅम, नव्वदच्या दशकापासून लोकांनी टाकलेले. २०२४ च्या सुरुवातीला विद्यापीठाने सांगितलं की १५ एप्रिलला हे बंद होणार. विद्यापीठाला दोष देण्यात अर्थ नाही, इतकी वर्षं फुकट सांभाळलं हेच पुष्कळ. पण त्यांनी एक मोलाची गोष्ट केली. आधी सांगितलं. त्या तीनेक महिन्यांत लोकांनी साठ्याच्या प्रती काढल्या, आणि अर्का नोए नावाची, ओएस टू चा वारसा चालवणारी छोटी कंपनी तो साठा आज चालवते आहे.

असं प्रत्येक वेळी होत नाही. याहू ग्रुप्समधला जुना मजकूर २०२० च्या सुरुवातीला पुसला गेला. त्यात कितीतरी जुन्या यंत्रांचे, सॉफ्टवेअरांचे छोटे छोटे ग्रुप होते. आर्काइव्ह टीमच्या स्वयंसेवकांनी जमेल तेवढं उचललं, सगळं नाही. जून २०२३ मध्ये रेडिटवरच्या अनेक ग्रुपांनी निषेध म्हणून दारं लावली. त्या काही दिवसांत गूगलवर उत्तर दिसायचं आणि दाबलं की बंद दार. आणि आता मदत गेली आहे डिस्कॉर्डवर, टेलिग्रामवर. तिथे माणसं चांगली आहेत, पटकन उत्तर देतात, मी स्वतः मदत घेतली आहे. पण ती उत्तरं बाहेरून शोधता येत नाहीत, आर्काइव्ह त्यांची प्रत काढू शकत नाही. हे म्हणजे परत आमच्या गल्लीतल्या हार्डवेअरवाल्यासारखं झालं. सगळं त्याच्या डोक्यात.

कोणीतरी विचारेलच, एआयला का नाही विचारलंस? विचारलं. मेमरीचं उत्तर जवळपास बरोबर दिलं त्याने, फक्त एक्सपी मधला एक मेनू ९८ मध्ये आहे असं ठामपणे सांगितलं. तेही ही जुनी पानं वाचूनच शिकलंय, फक्त कुठलं वाक्य कुठल्या पानावरचं ते विसरलंय.

आणि आर्काइव्हचं म्हणाल तर तेही अमर नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांच्यावर सायबरहल्ला झाला, काही दिवस सगळं बंद होतं. एकच टोपली, किती अंडी.

हे सगळं फक्त म्हाताऱ्या पीसींचं आहे असं वाटत असेल तर तुमचा आधीचा फोन काढा ड्रॉवरमधून. जुन्या ब्लॅकबेरींच्या सेवा ४ जानेवारी २०२२ ला बंद झाल्या. अँड्रॉइड किटकॅटवर गूगलच्या प्ले सेवांचे अपडेट २०२३ च्या ऑगस्टपासून थांबले. तुमच्या त्या फोनमध्ये आजोबांचे आवाज असतील, शाळेचे फोटो असतील. दहा वर्षांनी तो चालू करताना काहीतरी एरर येईल आणि तुम्ही शोधायला बसाल. तेव्हा हातात काय हवं? मॉडेलचा नेमका नंबर, सिस्टिमची नेमकी आवृत्ती आणि एरर मेसेज शब्दशः, जमल्यास इंग्रजीतला. मी अवतरणचिन्हांत पूर्ण मेसेज टाकून शोधला तेव्हाच ती चर्चा सापडली, नुसतं ‘मेमरी प्रॉब्लेम’ टाकून नाही.

तर स्मरणिका. सॉफ्टवेअरमधून थेट प्रिंट न काढता पोस्टस्क्रिप्ट फाइलीत छापायला लावलं, ती पेनड्राइव्हने नव्या मशीनवर आणली आणि तिची पीडीएफ केली. अक्षरं जशीच्या तशी आली, जोडाक्षरांसकट. मजकूर शोधता येत नाही त्यात, पण छापता येतो, आणि वाचनालयाला छापायचंच होतं. युनिकोडमध्ये आणायचं काम वाचनालयातल्या दोन मुली करतायत, हाताने, संध्याकाळी.

त्या दोन ओळी मी एका कागदावर लिहून मामाला दिल्या होत्या, वर लेखाचा नंबर. मागच्या आठवड्यात गेलो तर मामाने तो कागद रीतसर टाइप करून, स्टिकरवर छापून, मशीनच्या झाकणाच्या आतून चिकटवलाय. खाली तारीख आणि ‘रॅम बदलू नये’. मी विचारलं, आतून का? बाहेरून लावायचा. म्हणाला, "बाहेरून तुझी मामी काढून टाकेल."

तुमच्या घरी माळ्यावर त्या मासिकांच्या जुन्या सीडी असतील, विशेषतः १९९५ ते २००५ मधल्या, किंवा एखाद्या हार्डवेअरवाल्या काकांची हस्तलिखित वही असेल, तर भंगारात द्यायच्या आधी मला कळवा. सीडीची प्रत मी काढून घेतो, वही तुम्हाला परत मिळेल. भेटू पुढच्या भागात.